खिळे, फर्मा आणि नाशिक

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत विषय छापलाय ‘मुद्रणकलेचा इतिहास’. तो एका संध्याकाळी मावणारा नाही, आणि मला सगळा सांगायचाही नाही. मला बोलायचंय ते एका संग्रहालयाबद्दल. छपाईचा इतिहास आणि छपाईचं काम, दोन्ही दाखवणारं संग्रहालय आपल्या नाशकात व्हायला हवं, आणि तिथली यंत्रं चालती असायला हवीत. मी हे का म्हणतोय, तेवढंच आज सांगणार आहे.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. रविवार कारंज्याजवळ एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचा छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छापयंत्र, एक कटिंग मशीन, भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस, म्हणजे घरं पाडलेले लाकडी खण. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्यनारायणाची निमंत्रणं, निवडणुकीची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली सगळी कामं. शाळकरी वयापासून मी तिथं खिळे जुळवले. त्या हातांनी जे शिकलो, त्याच्या जोरावर इथं उभा आहे.

आधी एक काम करा. खिशात शंभराची किंवा पाचशेची जरा कोरी नोट असेल तर काढा. गांधीजींच्या चित्रावरून बोट हळूच फिरवा. खरखर लागते ना? ती शाई कागदाच्या वर उभी आहे. धातूच्या पत्र्यावर बारीक रेषा कोरायच्या, त्या खाचांत शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून लख्ख करायचा आणि मग कागद इतक्या दाबानं त्यावर आणायचा, की तो खाचेत शिरून शाई उचलून घेतो. याला इंटाग्लिओ म्हणतात. तुमच्या हातातली नोट नाशिकरोडची असेल, देवासची असेल, म्हैसूरची किंवा सालबोनीची असेल. पण हिंदुस्थानी भूमीवर सरकारी नोटा छापायला सुरुवात झाली ती नाशिकरोडला, १९२८ साली, पाच रुपयांच्या नोटेपासून. त्याआधी आपल्या नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापून बोटीनं यायच्या. १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकरोडलाच छापल्या जाऊ लागल्या.

तिकिटांचंही तसंच. १८५४ सालची पहिली तिकिटं कलकत्त्याला दगडावरून छापली गेली, पण लगेच ते काम लंडनच्या द ला रू कंपनीकडे गेलं आणि पुढची सत्तर वर्षं तिथंच राहिलं. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झालं आणि तिकीट इथं छापायला लागलं. विमानाचं चित्र असलेली १९२९ ची हवाई टपालाची तिकिटं, १९३१ ची नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं, आणि २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंगा फडकतोय आणि ‘जय हिंद’ लिहिलंय असं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, ही सगळी नाशिकची छपाई.

इथं एक गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींच्या स्मरणार्थ चार तिकिटं निघाली. ती छापली होती स्वित्झर्लंडमध्ये. छायाचित्रासारखी मऊ छटा ज्या पद्धतीनं उतरते, त्या फोटोग्राव्हर पद्धतीची सोय तोवर आपल्याकडे नव्हती. ज्यानं आयुष्यभर स्वदेशी सांगितलं, त्याचं तिकीट परदेशी छापून आणावं लागलं. मग चार वर्षांत नाशिकरोडला ती यंत्रणा आली, आणि १ ऑक्टोबर १९५२ ला संत-कवींच्या तिकिटांची माळ निघाली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, रवींद्रनाथ. या दोन्ही वेळची तिकिटं लावलेली पाकिटं एकाशेजारी एक ठेवून दाखवली, तर चार वर्षांत या गावातल्या माणसांनी काय शिकून घेतलं ते भाषणाशिवाय कळेल.

नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेस तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येक गल्लीत कोणीतरी ‘प्रेसमध्ये’ असतंच. त्याशिवाय गांधीनगरला भारत सरकारचं मुद्रणालय आहे. २०१७ साली केंद्रानं आपले १७ छापखाने एकत्र करून पाचच ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्या पाचांत नाशिक राहिलं. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० सालची, तिथं नाण्यांचं संग्रहालय आहे. म्हणजे धातूवरच्या छापाची कथा या जिल्ह्यात सांगितली जातेच आहे. कागदावरच्या छापाची कथा तिच्या शेजारी हवी.

पण माझं मन नोटांपाशी थांबत नाही. नोटा आणि तिकिटं पहाऱ्यात छापली जातात आणि तसंच असलं पाहिजे. मला दाखवायचंय ते त्याच्या मागचं काम, जे गल्लीबोळांत चालायचं आणि ज्याच्या खाणाखुणा आपल्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या.

थोडं मागे जाऊ. छापखाना हिंदुस्थानात आला तो १५५६ साली, गोव्यात. तो खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघाला होता, वाटेत गोव्याला उतरला आणि तिथंच राहिला. त्यावर छापलेल्या पहिल्या पुस्तकाची एकही प्रत आज उरलेली नाही. १६१६ मध्ये गोव्यातल्याच राचोल इथं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. भाषा मराठी, ओव्या मराठी, आणि लिपी मात्र रोमन. असं का? त्याचं उत्तर खुद्द स्टीफन्सच्या १६०८ सालच्या पत्रात आहे. या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी त्याची फार इच्छा होती. पण युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथं मात्र सहाशे साचे पाडावे लागतील, आणि ते अशक्य दिसतं, असं त्यानं कळवलं होतं.

सहाशे साचे. हा आकडा लक्षात ठेवा. मराठी छपाईची पुढची साडेतीनशे वर्षं या आकड्याशी झुंजण्यात गेली.

१६७४ साली सुरतेच्या भीमजी पारेखांच्या खटपटीनं ईस्ट इंडिया कंपनीनं हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला धाडला. भीमजींना आपली जुनी लिखाणं छापायची होती. यंत्र आलं, कागद आला, माणूस आला, पण त्याला आपल्या लिपीचे खिळे कोरता येईनात. बेत तिथंच बसला. यंत्र विकत आणता येतं. अक्षर कोरणारा हात इथंच तयार व्हावा लागतो.

आणि तो हात कोणाचा होता ते पाहा. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली पंचानन कर्मकार तयार झाला. तो धातुकाम करणाऱ्या घराण्यातला. पुढे बंगालमधल्याच श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीसाठी त्यानं नागरी खिळे कोरले आणि १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. त्याच सुमाराला इकडे पुण्यात नाना फडणविसांनी एका तांबटाला भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरायला बसवलं होतं. नाना १८०० साली गेले, काम अर्धं राहिलं. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. तीही इंटाग्लिओचीच पद्धत. म्हणजे नाशिकरोडच्या नोटेमागचं तत्त्व महाराष्ट्रात पहिल्यांदा वापरलं ते भांडी घडवणाऱ्या माणसानं. आपल्या तांबट लेनमध्ये, भांडी बाजारात ज्यांनी घागरीवर नक्षी कोरताना कोणाला पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पत्र्यावर अक्षर उलटं कोरायचं, ओळीमागून ओळ, श्लोकामागून श्लोक, आणि चूक झाली तर पुसायची सोय नाही. त्या तांबटाच्या कामाची थोरवी सांगणारं दालन या गावात नसेल तर कुठं असेल?

मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली. पण लोक छापील कागदाला हात लावायला कचरत. शाईत चरबी असते, असा समज होता. सोवळ्यात पोथी वाचायची ती अशा शाईनं छापलेली कशी चालेल? हा प्रश्न सोडवला गणपत कृष्णाजींनी. भंडारी समाजातले हे गृहस्थ मिशनच्या छापखान्यात काम करताना पाहून पाहून शिकले, स्वतःचं शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापणारं यंत्र, उभं केलं, शाई स्वतः बनवली आणि तिच्यात चरबीऐवजी तूप घातलं. १८३१ मध्ये त्यांनी पंचांग छापलं आणि ते घराघरांत गेलं. वर्षभरात, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्रींचं दर्पण निघालं, त्याचा आपण दिवस साजरा करतो, करायलाच हवा. पण सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत छापील कागद पोचवला तो त्या तुपाच्या शाईनं, असं मी मानतो.

आणि जावजी दादाजी. जन्म १८३९. गरिबी इतकी, की लहान वयातच मिशनच्या छापखान्यात खिळे घासून साफ करण्याच्या कामाला लागले. घासता घासता खिळा कसा असावा हे त्यांना जितकं कळलं, तितकं फार थोड्यांना कळलं असेल. १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सोबती. अक्षर कोरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निर्णयसागरचं वळण हे पुढे नागरी छपाईचं मोजमाप झालं. तुमच्या घरी आजोबांच्या वेळची संस्कृत पोथी असेल, पिवळ्या कागदाची, तर तिचं मुखपृष्ठ उघडून बघा. निर्णयसागरचं नाव सापडण्याची शक्यता पुष्कळ आहे.

आता खिळा म्हणजे काय आणि जुळणी म्हणजे काय, ते दाखवतो. हा माझ्या हातातला खिळा बघा. मागच्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. नुसतं शिसं मऊ पडतं, अँटिमनी त्याला कठीण करतं, कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरतो. उंची साधारण तेवीस मिलिमीटर, आणि ती सगळ्या खिळ्यांची अगदी सारखी हवी. एखादा केसभर बुटका असला तरी तो कागदाला टेकत नाही आणि शब्दात भोक पडतं. टोकावर अक्षर उलटं. पोटाला ही खाच. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, खिळ्याकडे बघत नाही, बोटानं खाच चाचपतो आणि खाच वर करून खिळा स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, बसवतो.

समजा ‘सर्वांना’ एवढाच शब्द जुळवायचाय. डाव्या हातात स्टिक. ‘स’ घेतला, ‘व’ घेतला, मग काना. आता रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी येतात. ते दोन वेगळे खिळे शेजारी बसत नाहीत, म्हणून रफार आणि अनुस्वार एकत्र ओतलेला तिसराच खिळा लागतो, आणि त्याचं केसमध्ये वेगळं घर असतं. मग ‘न’, पुन्हा काना, आणि शेवटी स्पेस. आता ‘वर्षे’ घ्या: रफार आणि मात्रा एकत्र, म्हणजे आणखी एक खिळा, आणखी एक घर. जोडाक्षरं निराळी, ऱ्हस्व-दीर्घ उकार निराळे. स्टीफन्सचा सहाशेचा अंदाज उगाच नव्हता. नवशिक्या पोराला घरं पाठ व्हायलाच कित्येक महिने लागत, आणि एकदा पाठ झाली की हात आपोआप त्या घरावर जाई. आमच्याकडचे एक काका तासन्‌तास उभ्यानं जुळणी करत. बाहेर रस्त्यावर कोण चाललंय त्याची वास्तपुस्त करत करत त्यांचा हात बिनचूक चाले.

अक्षराबाहेर झुकलेल्या मात्रा आणि रफार नाजूक असत. हजार-दोन हजार प्रतींनंतर त्या तुटायच्या. जुन्या पुस्तकात एखादा शब्द मात्रेविना दिसला, तर लेखकाला किंवा मुद्रितं, म्हणजे प्रुफं, वाचणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. मुद्रितात मात्रा असते, छापता छापता ती गळते.

या सहाशे साच्यांवर उपाय शोधणाऱ्यांत दोन नावं अशी आहेत, की ऐकून नवल वाटेल. एक लोकमान्य टिळक. केसरी चालवताना ही अडचण त्यांना रोज दिसत होती. त्यांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी अक्षरांची नवी मांडणी केली आणि त्यावर वर्षानुवर्षं खटपट केली. दुसरे आपल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी लिपिसुधारणेचा धरलेला आग्रह, ‘अ’ची बाराखडी, ‘अि’, ‘अी’, ‘अु’, हे आज अनेकांना विचित्र वाटतं. पण केसमध्ये स्वरांची किती घरं वाचतात हे मोजलं की त्यामागचा हिशोब कळतो. एवढी दोन मोठी माणसं राजकारणाच्या ऐन धामधुमीत खिळ्यांचा विचार करत होती. का? छापखाना हातात नसेल तर बोलणं चार भिंतींत राहतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्याची किंमतही याच गावानं मोजली. १९०९ साली बाबाराव सावरकरांवर खटला झाला तो कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली म्हणून. जूनमध्ये जन्मठेप, काळं पाणी. बॉम्ब नाही, बंदूक नाही, छापलेली पानं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी १९१० मध्ये सरकारनं प्रेस ॲक्ट आणला. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २,००० रुपयांचा जामीन आधी भरायचा, आणि आक्षेपार्ह काही छापलं तर तो जप्त. त्या काळातल्या एका लहान छापखान्याच्या मालकाला २,००० रुपये म्हणजे काय, विचार करा. १८६७ च्या कायद्यापासून प्रत्येक छापील कागदाच्या तळाशी मुद्रकाचं नाव घालणं बंधनकारक होतं. आमच्याकडची हँडबिलंसुद्धा त्या ओळीशिवाय बाहेर पडत नसत. ती बारीक ओळ कोणी वाचत नाही. पण त्या एका ओळीपायी माणसं तुरुंगात गेली आहेत. संग्रहालयात मला एक भिंत फक्त या तळओळींची हवी.

आणि १९३०. मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांचं ‘जनता’ निघालं. त्याआधी मूकनायक, बहिष्कृत भारत. स्वतःचं पत्र आणि स्वतःचा छापखाना यांसाठी बाबासाहेबांनी पैशांची किती ओढाताण सोसली हे वाचलं की कळतं, देवळाचं दार आणि छापखान्याचं दार ही दोन्ही त्यांना सारखीच महत्त्वाची वाटत होती. पंचवटीतल्या त्या लढ्याच्या कहाणीत छापील कागदाचं पान जोडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आता एका माणसाबद्दल मला सावकाश बोलायचंय. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्याचं स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण तिथं जातो. दादासाहेब फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. सिनेमाचे जनक म्हणून सगळे ओळखतात. पण सिनेमाच्या आधी त्यांनी पोट भरलं ते छपाईवर. राजा रविवर्मांच्या शिळाछाप कारखान्यासाठी त्यांनी काम केलं. हा कारखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघर टांगलेली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून आली. त्या एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे. चित्र दगडावर तेलकट शाईनं काढायचं, दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेत थांबतं, शाई तेलकट जागेला धरते. एक रंग छापला, वाळवला, मग दुसरा दगड. कागद सुतभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर. पुढे फाळक्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं आणण्यासाठी ते जर्मनीला गेले. भागीदाराशी पटलं नाही, छापखाना सोडला, आणि मग सिनेमाकडे वळले. १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र, आणि त्याच वर्षी सगळा पसारा घेऊन नाशकात.

माझं मत असं, की फाळक्यांचा सिनेमा छापखान्यातून आला. रंग सुटे करून पुन्हा एकावर एक नेमके बसवणं, रसायनं, काचा, छायाचित्रावरून ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करणं, अंधाऱ्या खोलीतलं काम, हे सगळं त्यांच्या हाताला आधीपासून होतं. कॅमेरा नवा होता, हात तयार होते. फाळके स्मारकापासून छपाईच्या संग्रहालयापर्यंत शाळेच्या मुलांना एकाच दिवशी नेता आलं, तर एक माणूस एका कामातून दुसऱ्या कामाकडे कसा जातो हे त्यांना दिसेल.

जगात अशी संग्रहालयं आहेत. बेल्जियममधल्या अँटवर्पचं प्लँटिन-मोरेटस पाहा. प्लँटिननं १५५५ साली छापखाना काढला, म्हणजे गोव्यात यंत्र उतरण्याच्या एक वर्ष आधी. तीन शतकं एकाच घराण्यात चालला. १८७६ मध्ये शहरानं तो वाड्यासकट विकत घेतला आणि दुसऱ्या वर्षी लोकांना खुला केला. १६०० च्या आसपासची दोन छापयंत्रं तिथं अजून उभी आहेत. पण मला त्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटते ती दप्तरं: कोणाला किती मजुरी दिली, कागद कुठून घेतला, उधारी कोणाची. त्यांनी मालकाच्या तसबिरीबरोबर कामगाराची हजेरीही जपली. २००५ मध्ये युनेस्कोनं त्या जागेला जागतिक वारसा म्हटलं. जर्मनीत माइन्झला गुटेनबर्गच्या नावाचं संग्रहालय १९०० सालापासून आहे, आणि तिथं जुन्या धर्तीच्या लाकडी यंत्रावर पान छापून दाखवतात. लोक त्यासाठी थांबतात.

आपल्याकडे काय झालं? १९८० नंतर ऑफसेट गल्लीपर्यंत आलं, पाठोपाठ संगणकावरची जुळणी आली. दहा-पंधरा वर्षांत खिळे निरुपयोगी झाले. शिशाला भाव होता. भंगारवाले दारात आले आणि केसेसच्या केसेस पोत्यात ओतून किलोवर गेल्या. आमच्याही बऱ्याचशा गेल्या. पोट होतं, जागा हवी होती. मी त्या लाटेला शिव्या देत नाही. ऑफसेटनं पुस्तकं स्वस्त केली, आणि आज भ्रमणध्वनीवर कुठलंही जोडाक्षर एका बोटानं उमटतं. स्टीफन्सच्या सहाशे साच्यांचा प्रश्न मिटला याचा मला आनंदच आहे. पण तो प्रश्न सोडवता सोडवता हातात जी कला आली, ती सांभाळणारी माणसं अजून आपल्यात आहेत, साठीच्या-सत्तरीच्या पुढची. त्यांच्या हातून शिकून घ्यायला आता फार वेळ नाही.

म्हणून म्हणतो, यंत्र काचेआड ठेवून भागणार नाही. बंद ट्रेडल म्हणजे नुसतं लोखंड. ते चालायला लागतं तेव्हा कळतं, की पायाचा ठेका आणि हाताचा कागद यांचं जमलं नाही तर बोटं जातात. रोलर सरस आणि गूळ घालून ओतायचे, आणि वैशाखात ते मऊ पडायचे, हे फलकावर लिहून कोणाला समजणार? श्रावणात कागद दमट होऊन फुगतो आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही. हे पाहायला श्रावणातच छापावं लागतं.

मी कल्पना करतो ती अशी. फार मोठी इमारत नको. जुन्या नाशकातला एखादा वाडा, तळमजला दणकट हवा, कारण यंत्रांचं वजन. एक हँडप्रेस, एक शिळाप्रेस, दोन ट्रेडल, एक सिलिंडरचं छापयंत्र. मराठीच्या पुऱ्या केसेस निदान दोन. जुने जुळारी आणि मशीनमन तिथं पगारावर हवेत. सत्कार करून शाल देऊन घरी पाठवायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली दरवर्षी चार-सहा तरुण. कलामहाविद्यालयातली मुलं येतीलच, पण ज्यांचे आजोबा जुळारी होते अशी मुलं यावीत असं मला फार वाटतं. लग्नपत्रिका, भेटकार्डं, कवितांची छोटी पुस्तकं अशी खरी कामं घ्यावीत, त्यातून खर्चाचा काही भार निघेल. शाळेच्या सहलीतल्या प्रत्येक मुलानं स्वतःचं नाव स्वतः जुळवावं आणि छापून घरी न्यावं. आणि जाताना साबणानं हात धुवावेत, हे दारावर मोठ्या अक्षरात हवं. शिसं पोटात जाणं वाईट. कित्येक जुळाऱ्यांनी आयुष्यभर त्याच हातांनी डबा खाल्ला आणि त्रास सोसला. तेही संग्रहालयात सांगितलंच पाहिजे.

प्रश्नपत्रिकांचं मघाशी म्हटलं होतं, ते सांगायचं राहिलं. शाळेची प्रश्नपत्रिका जुळवायला घेतली की वडील दुकानाची फळी अर्धी ओढून घेत. त्या यत्तेत शिकणारं घरातलं पोर त्या आठवड्यात छापखान्यात पाऊल ठेवायचं नाही. छापून झालं की खराब प्रती मोजून जाळायच्या आणि फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेलं पान, त्याच रात्री सोडवून खिळे केसमधल्या आपापल्या घरांत टाकायचे, म्हणजे सकाळी कोणाला काही वाचता येऊ नये. नाशिकरोडला भिंती आणि पहारे आहेत. इथं फक्त शब्द होता. माझ्या माहितीत त्या गल्लीतून पेपर कधी फुटला नाही. अशा गोष्टी कुठल्या दप्तरात सापडत नाहीत. त्या त्या माणसांकडून आत्ताच ध्वनिमुद्रित करून घ्यायला हव्यात.

आता तुमच्याकडे मागणं. कोणाच्या माळ्यावर, तळघरात, गोदामात केस असेल, स्टिक असेल, लाकडी मोठे टाइप असतील, जुने ब्लॉक असतील, तर भंगारवाल्याच्या आधी आम्हाला कळवा. पावतीपुस्तकं, जुनी हँडबिलं, मजुरीच्या वह्या फेकू नका. वाळवी लागलेलीही चालतील. खिळे हलवायची वेळ आलीच, तर केस कधी उलटी करू नका. पोत्यात ओतलेले खिळे पुन्हा वेगळे करायला एका माणसाचं वर्ष जातं. केस आहे तशी आडवी उचला, वर एक पुठ्ठा ठेवा, सुतळीनं चारी बाजूंनी आवळा आणि आडवीच न्या. जुळलेला मजकूर तसाच राहिला असेल, तर त्याला सोडवू नका. भोवती दोरा गुंडाळा आणि आधी कागदावर एक छाप काढून ठेवा. बाकीचं काय करायचं ते आम्ही येऊन बघू.